बायोकेमिस्ट्रीची पदवी: आखणी शेवटाकडून करा

बायोकेमिस्ट्रीच्या नावात 'बायो' आधी येतं, पण परीक्षेत केमिस्ट्री आधी येते. नीटचा आकडा पुरला नाही, केमिस्ट्री-फिजिक्सचा वैताग आलाय, म्हणून 'त्यातल्या त्यात बायो' म्हणत जो या विषयाकडे वळतो, त्याची पहिल्याच सेमिस्टरमध्ये गडबड होते. उलट ज्याला बारावीत ऑरगॅनिक बरं वाटायचं आणि पेशीच्या आत नेमकं काय चालतं याची उत्सुकता होती, त्याच्यासाठी ही पदवी छान आहे.

बहुतेक जण आखणी पुढून करतात: आधी गावाजवळचं कॉलेज, मग मिळेल तो ग्रुप, आणि तिसऱ्या वर्षाच्या शेवटी 'आता काय करायचं?'. इथे उलटं करू. आधी बाहेर पडायचं दार ठरवू, त्यावरून विषय, विषयांवरून कॉलेज, आणि सगळ्यात शेवटी प्रवेशाची खिडकी.

दार कोणतं?

पहिलं दार संशोधनाचं. बी.एस्सी.नंतर आयआयटी, आयसर (विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या केंद्रीय संस्था) किंवा बंगळुरूच्या आयआयएससीत जायचं असेल तर आयआयटीची जॅम परीक्षा लागते. तिच्यात बायोकेमिस्ट्री नावाचा पेपरच नाही. आपल्या मुलांना बायोटेक्नॉलॉजीचा पेपर द्यावा लागतो, किंवा केमिस्ट्री पक्की असेल तर केमिस्ट्रीचा. ३ तास, ६० प्रश्न, १०० गुण. त्यातले ३० प्रश्न एका अचूक पर्यायाचे, १० प्रश्नांत एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असू शकतात आणि २० प्रश्नांचं उत्तर आकड्यात लिहायचं. चुकीला गुण कापले जातात ते फक्त पहिल्या ३० प्रश्नांत. बायोटेक्नॉलॉजीच्या पेपरात बारावीच्या पातळीचं गणित आणि फिजिक्सही विचारतात. पीसीबीवाल्यांना हे कळतं ते बहुतेक वेळा फॉर्म भरताना. काही संस्था बारावीला गणित होतं का, हेही पाहतात. तेव्हा जिथे जायचं त्या संस्थेची पात्रता पहिल्या वर्षीच वाचून ठेवा. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी आणि बायोटेक्नॉलॉजीच्या एम.एस्सी.साठी गॅट-बी या परीक्षा वेगळ्या असतात.

दुसरं दार अन्न सुरक्षा अधिकाऱ्याचं. एमपीएससीची तयारी करणाऱ्या घरांत या पदाचं नाव घेतात, पण पात्रता कुणी नीट वाचत नाही. केंद्राच्या २०११ च्या नियमांत पात्र पदव्यांच्या यादीत फूड टेक्नॉलॉजी, डेअरी, बायोटेक्नॉलॉजी, कृषी, पशुवैद्यक, मायक्रोबायोलॉजी यांच्याबरोबर बायोकेमिस्ट्रीचं नाव थेट आहे. केमिस्ट्री घेतलेल्याला मात्र पदव्युत्तर पदवी लागते. म्हणजे पदवीवर 'बायोकेमिस्ट्री' छापलेलं असण्याला इथे खरी किंमत आहे. हे दार धरायचं असेल तर तुमच्या गुणपत्रिकेवर आणि पदवी प्रमाणपत्रावर मेजर, म्हणजे मुख्य विषय, म्हणून नेमकं काय छापून येणार, हे प्रवेशाआधीच कॉलेजला विचारा. केमिस्ट्री मेजर आणि बायोकेमिस्ट्री मायनर, म्हणजे जोडविषय, असेल तर उद्या कागदपत्र तपासणीत वाद होऊ शकतो.

तिसरं दार कारखान्याचं. संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा एमआयडीसीत औषध कंपन्या आहेत आणि जालना तर बियाण्यांचं गाव. १९६४ साली महिको तिथेच सुरू झाली. बियाणे कंपन्यांच्या प्रयोगशाळांत वाणाची आनुवंशिक शुद्धता तपासायला प्रथिनांचं किंवा डीएनएचं इलेक्ट्रोफोरेसिस (विजेच्या प्रवाहानं रेणू वेगळे करणं) चालतं, आणि ते बायोकेमिस्ट्रीवाल्याच्या हातचं काम. औषध कंपनीच्या क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणी विभागात, मात्र बहुतेक काम केमिस्ट्रीचं असतं: टायट्रेशन, एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र), डिझोल्यूशन (गोळी किती वेळात विरघळते ते पाहणं). तिथे मुलाखतीत क्रेब्स सायकल कुणी विचारत नाही, नॉर्मॅलिटी आणि मोलॅरिटीतला फरक विचारतात. साखर कारखान्याच्या आणि डिस्टिलरीच्या लॅबमध्येही तसंच. ब्रिक्स (रसात विरघळलेले एकूण घन पदार्थ), पोल (त्यातली साखर), रिड्युसिंग शुगर (ग्लुकोजसारख्या साखरा) हे ज्याला हातानं काढता येतं, त्याला सीझनमध्ये काम मिळतं.

चौथं दार दिसायला दार आहे, पण बी.एस्सी.साठी ते बंद असतं. ते म्हणजे पॅथॉलॉजी लॅब. गावात स्वतःची लॅब टाकायची म्हणून बायोकेमिस्ट्री घेणारे दरवर्षी भेटतात. ही पदवी डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, नव्हे, आणि रक्ताच्या रिपोर्टवर सही करण्याचा अधिकार ती देत नाही. लॅब टेक्निशियन व्हायचं असेल तर सरळ त्या अभ्यासक्रमाला जा, तीन वर्षं वाचतील. मेडिकल कॉलेजमधली एम.एस्सी. मेडिकल बायोकेमिस्ट्री हा आणखी वेगळा मार्ग. ती ३ वर्षांची असते, साध्या २ वर्षांच्या एम.एस्सी.शी तिची गल्लत करू नका. मेडिकल कॉलेजात शिकवायला तीच पाहतात आणि डॉक्टर नसलेल्यांसाठी तिथल्या जागा मर्यादित असतात.

शिक्षक व्हायचं असेल तर बी.एड.ला शाळेत शिकवला जाणारा विषय लागतो. बायोकेमिस्ट्री शाळेत नसते, म्हणून सोबत केमिस्ट्री किंवा झूलॉजी-बॉटनी हवंच.

दारावरून विषय

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची रचना राज्यातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झाली. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, स्किलचे कोर्स, ओजेटी (प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण) अशा इतक्या पेट्या आहेत की पहिल्या वर्षीचा विद्यार्थी गोंधळतो. लक्षात ठेवायचं एवढंच: सेमिस्टरला २० ते २२ क्रेडिट, ३ वर्षांना १२० ते १३२, ४ वर्षांना १६० ते १७६. थिअरीचं १ क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचं ३०. २ क्रेडिटचं प्रॅक्टिकल म्हणजे सेमिस्टरभरात ६० तास, आठवड्याला ४. हा आकडा पाठ करा. कॉलेज पाहायला जाल तेव्हा तोच तुमची फूटपट्टी.

मायनरसाठी आमचं मत स्पष्ट आहे: केमिस्ट्री. वरच्या सगळ्या दारांना ती चालते. मायक्रोबायोलॉजीही चांगली, विशेषतः अन्न किंवा फर्मेंटेशनकडे जायचं असेल तर. झूलॉजी-बॉटनी 'सोपं पडतं' म्हणून घेतलं जातं आणि तिसऱ्या वर्षी अडतं, कारण एन्झाइम आणि मेटाबॉलिझम समजायला जे ऑरगॅनिक आणि फिजिकल केमिस्ट्री लागतं, ते शिकवायला कुणी उरलेलं नसतं. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या शाखेतलं घ्यावं लागतं. तिथे वेळापत्रकात बसेल ते घ्या, फार डोकं लावू नका. स्किल कोर्समध्ये मात्र संख्याशास्त्र किंवा एक्सेल-पायथनसारखं काही मिळालं तर सोडू नका.

आता ३ वर्षं की ४? रिसर्चसह ऑनर्ससाठी पहिल्या ६ सेमिस्टरमध्ये ७५ टक्के किंवा ७.५ सीजीपीए लागतो. शिवाय त्या विभागात पीएचडीचे मार्गदर्शक असलेले किमान २ कायम शिक्षक असावे लागतात. तालुक्याच्या कॉलेजात दुसरी अट बहुधा पूर्ण होत नाही. ४ वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी मिळाली की थेट पीएचडीला आणि नेटला बसता येतं आणि एम.एस्सी. १ वर्षाची होते. अर्थात ती १ वर्षाची एम.एस्सी. सगळ्या संस्थांनी सुरू केलेली नाही. त्यामुळे जॅम देऊन २ वर्षांच्या एम.एस्सी.ला जायचं पक्कं असेल तर ३ वर्षांत बाहेर पडा, आणि चांगली लॅब आणि चांगला मार्गदर्शक खरंच हाताशी असेल तरच चौथं वर्ष करा. चौथं वर्ष फक्त 'आहे म्हणून' केलं तर हातात राहतो तो एक स्पायरल बाइंडिंगचा प्रोजेक्ट.

गणिताची भीती

पदवीपुरतं पीसीबीवाल्यांना गणित फार लागत नाही. पण जे लागतं ते टाळता येत नाही: लॉग आणि अँटिलॉग, घातांक, सरळ रेषेचं समीकरण, चढ काढणं आणि एककांची अदलाबदल. कॉलेज सुरू होण्याआधीच्या सहा आठवड्यांत रोज अर्धा तास दिला तरी होतं. मोबाईलवरच्या कॅल्क्युलेटरनं नव्हे, आलेख कागदावर पेन्सिलीनं करा.

एन्झाइमचा वेग काढायचं मायकेलिस-मेंटेनचं सूत्र घ्या. सबस्ट्रेटची (एन्झाइम ज्या पदार्थावर काम करतं त्याची) तीव्रता केएमइतकी, म्हणजे त्या एन्झाइमच्या ठरलेल्या स्थिरांकाइतकी, असली की वेग कमालच्या निम्मा, हे सगळ्यांना पाठ असतं. पण ९० टक्के वेग गाठायला किती लागेल? केएमच्या ९ पट. आणि १० टक्क्यांना? केएमचा नववा भाग. म्हणजे वेग १० वरून ९० टक्क्यांवर न्यायला सबस्ट्रेट ८१ पट वाढवावं लागतं. हे एकदा स्वतःच्या हातानं मांडलं की जॅममधले आकड्यांचे प्रश्न तोंडपाठ सूत्रांविना सुटतात. डबल रेसिप्रोकल आलेखाची, म्हणजे १/सबस्ट्रेट विरुद्ध १/वेग या आलेखाची, खोडही इथेच समजते. सगळ्यात कमी सबस्ट्रेटची टेस्ट ट्यूब आलेखावर सगळ्यात लांब जाऊन बसते आणि तिथली लहानशी चूक अख्खी रेषा फिरवते. त्यामुळे त्याच ट्यूबचं मोजमाप दोनदा-तीनदा करा, बाकीच्यांचं एकदा झालं तरी चालतं.

एक बफर, आणि त्यात होणारे घोटाळे

प्रॅक्टिकल कसं शिकायचं हे एका उदाहरणावरून पाहू, कारण पुढच्या तीन वर्षांतल्या निम्म्या चुका या एकाच प्रयोगात सापडतात. करायचं आहे: ०.१ मोलर फॉस्फेट बफर (पीएच सहजी बदलू न देणारं द्रावण), पीएच ७.४, १०० मिली.

पुस्तकात फॉस्फेटचा पीके (ज्या पीएचला त्याची दोन्ही रूपं समसमान असतात तो आकडा) ७.२ दिलेला असतो. पीएच आणि पीकेवरून दोन रूपांचं गुणोत्तर काढायच्या हेंडरसन-हॅसलबाल्क सूत्रात घातला की ते साधारण १.६ येतं, म्हणजे ६१ भाग डायबेसिक आणि ३९ भाग मोनोबेसिक. पोरं तसं वजन करतात, पीएच मीटर ७ च्या आसपास दाखवतो, आणि 'मीटर बिघडलाय' म्हणून मोकळी होतात. मीटर बरोबर असतो. पीके ७.२ हा अगदी विरळ द्रावणाचा आकडा आहे. ०.१ मोलरमध्ये आयनांची गर्दी असते, तिथे तो साधारण ६.८ धरावा लागतो. मग गुणोत्तर येतं ४, म्हणजे ८० आणि २०. वजनं होतात: डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट (डायबेसिक) १.१४ ग्रॅम, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट (मोनोबेसिक) ०.२४ ग्रॅम. दोन्ही ८० मिली पाण्यात पूर्ण विरघळवा, पीएच पाहा, थेंबाथेंबानं सारखा करा आणि मगच १०० मिलीच्या खुणेपर्यंत पाणी घाला. आधीच खुणेपर्यंत भरलं तर पुढे घातलेला प्रत्येक थेंब तीव्रता बिघडवतो.

आता दुसरा घोटाळा. वरची वजनं निर्जल क्षारांची आहेत. कपाटातल्या बाटलीवर 'डोडेकाहायड्रेट' लिहिलेलं असेल, म्हणजे पाण्याचे १२ रेणू चिकटलेले, तर तोच डायबेसिक क्षार २.८७ ग्रॅम घ्यावा लागतो. लेबल न वाचता १.१४ ग्रॅम घेतला तर पीएच ७.० वर अडकतो आणि तीव्रताही निम्म्याच्या जवळपास येते. बाटलीवरचं रेणूभाराचं बारीक अक्षर वाचायची सवय पहिल्या महिन्यात लागली तर पुढचं बरंच सोपं जातं.

तिसरा घोटाळा आपल्या हवामानाचा. ट्रिस या दुसऱ्या नेहमीच्या बफरचा पीएच तापमान वाढलं की घसरतो, दर अंशाला साधारण ०.०३. २५ अंशाला ८.० केलेला ट्रिस एप्रिलच्या दुपारी ४० अंशाच्या लॅबमध्ये ७.६ च्या जवळ गेलेला असतो. फॉस्फेट त्या मानानं स्थिर. उन्हाळ्यात परभणी-नांदेडकडे एसी नसलेल्या लॅबमध्ये एन्झाइमचा प्रयोग 'येत नाही' तेव्हा आधी बफरचा पीएच त्याच तापमानाला पुन्हा मोजा. फ्रीजमधलं एन्झाइमही पाहा. रात्री लाइट गेलेली असेल आणि फ्रीज इन्व्हर्टरवर नसेल तर सकाळी बाटली गार लागते, पण आतला माल गेलेला असतो.

पाण्याचं एक सांगायलाच हवं. बोअरच्या जड पाण्यावर डिस्टिलेशन चालवलं की हीटरवर क्षारांचा पांढरा थर बसतो आणि कधी कधी उकळतं पाणी उसळून डिस्टिल्ड वॉटरच्या बाटलीत येतं. मग ब्लँकच, म्हणजे नमुना न घातलेली तुलनेची ट्यूबच, रंग दाखवतो. ब्लँक वाढला की आधी पाण्याकडे बोट दाखवा, रसायनाकडे नंतर.

वर्षागणिक

पहिलं वर्ष केमिस्ट्रीचं. २० अमिनो आम्लं रचनेसह, तीन अक्षरी आणि एक अक्षरी नावासह पाठ हवीत. रोज २ घेतली तर १० दिवसांचं काम, पण अनेक जण हे तिसऱ्या वर्षापर्यंत ढकलतात. बाजूच्या साखळ्यांचे पीकेही सोबत घ्या. हिस्टिडीनचा ६ च्या आसपास का आणि म्हणून ते एन्झाइमच्या सक्रिय जागेत वारंवार का दिसतं, हा प्रश्न स्वतःला विचारला की पाठांतर उरत नाही.

माध्यमाचा अडथळा इथेच येतो. मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजी व्याख्यान पहिले दोन महिने डोक्यावरून जातं. उपाय साधा आहे. वर्गात आलेला प्रत्येक नवा शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहा आणि समोर मराठीत स्वतःच्या भाषेत दोन ओळींचा अर्थ. परीक्षेला उत्तर इंग्रजीतच लिहायचं असतं, पण समजून घ्यायला ते बंधन नाही.

दुसरं वर्ष मेटाबॉलिझमचं. इथे झेरॉक्स नोट्सचा एक जुना रोग आहे. ग्लुकोजच्या एका रेणूतून ३६ किंवा ३८ एटीपी मिळतात असं त्यात लिहिलेलं असतं. हल्लीचा हिशेब ३० किंवा ३२ चा आहे, कारण एनएडीएच आणि एफएडीएचटू या इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या रेणूंपैकी एका एनएडीएचमागे ३ नव्हे तर साधारण २.५ आणि एफएडीएचटूमागे २ नव्हे तर १.५ एटीपी धरतात. प्रवेश परीक्षेत नवा आकडा चालतो. कॉलेजच्या पेपरात सर जुन्या हिशेबानं शिकवत असतील तर उत्तरात दोन्ही लिहा आणि फरक कशामुळे ते एका ओळीत सांगा, मार्क कापायला जागा राहत नाही. ग्लायकोलिसिसचे बाण पाठ करण्यापेक्षा कार्बन मोजा: ६ चे ३ आणि ३ कधी झाले, एटीपी कुठे खर्च झाला, कुठे आला. एक कोरा कागद रोज भरा, आठवड्यात मार्ग डोक्यात बसतो.

याच वर्षी दिवाळीच्या आधी-मागे देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून देत असलेल्या उन्हाळी संशोधन फेलोशिपचे अर्ज निघतात. निवड झाली तर उन्हाळ्यात २ महिने एखाद्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत किंवा विद्यापीठात काम करता येतं आणि विद्यावेतन मिळतं. ज्यांच्या कॉलेजात साधं स्पेक्ट्रोफोटोमीटर नाही, त्यांना तर तिचा सगळ्यात जास्त उपयोग. अर्जासोबत शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं, म्हणून सप्टेंबरमध्येच सरांना भेटून ठेवा.

फील्ड प्रोजेक्टसाठी लांब जायची गरज नाही. हिंगोली-वसमतच्या हळदीतलं कर्क्युमिन अल्कोहोलमध्ये काढून ४२५ नॅनोमीटरच्या आसपास मोजता येतं. ज्वारीला मोड आणून रोज थोडी वाटायची आणि अमायलेज (स्टार्च तोडणारं एन्झाइम) कोणत्या दिवशी सगळ्यात जास्त ते पाहायचं, हा प्रकल्प तर एका आयोडीनच्या बाटलीवर आणि डीएनएसच्या अभिकर्मकावर (रिड्युसिंग शुगर असेल तर रंग देणाऱ्या रसायनावर) उरकतो. गुळातली रिड्युसिंग शुगर मोजताना लक्षात ठेवा, साखर म्हणजे सुक्रोज स्वतः रिड्युसिंग नाही. आधी आम्लानं तोडल्याशिवाय ती डीएनएसला दिसत नाही, आणि तोडल्यावर आम्ल उदासीन करायला विसरलात तर रंगच येत नाही.

तिसरं वर्ष तारखांचं. जॅमचे अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरला, परीक्षा फेब्रुवारीत. म्हणजे पाचवं सेमिस्टर सुरू असतानाच खरी तयारी. ओजेटीही याच सुमारास येते: ४ क्रेडिट, म्हणजे १२० तास. ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून सही-शिक्का आणून ती 'पूर्ण' करायची पळवाट सर्रास आहे, आणि तेवढ्यानं मुलाखतीत सांगण्यासारखं एकुलतं एक काम हातचं जातं. बियाणे कंपनी, साखर कारखाना, दूध संघ, परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातली प्रयोगशाळा, कुठेही चालेल, पण कॉलेजच्या लेटरहेडवरचं पत्र घेऊन दोन-तीन महिने आधी स्वतः जाऊन भेटा. ईमेलला उत्तर येईल या भरवशावर राहू नका.

कॉलेज पाहायला जा

मराठवाड्यात दोन विद्यापीठांची हद्द आहे. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव हे जिल्हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे. हे विद्यापीठ १९५८ चं आणि त्यात बायोकेमिस्ट्रीचा स्वतंत्र विभाग आहे. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे. दोघांचे अभ्यासक्रम आणि परीक्षांच्या तारखा वेगळ्या. एका हद्दीतून दुसरीकडे जायचं तर मायग्रेशन आणि पात्रता प्रमाणपत्राचा फेरा.

कॉलेज माहितीपत्रकावरून ठरवू नका. शनिवार-रविवार सोडून, अकरा वाजता जा, त्या वेळी प्रॅक्टिकल चालू असायला हवं. लॅबचं कुलूप उघडायला शिपायाला शोधावं लागलं तर तिथेच उत्तर मिळालं. आत गेलात की पीएच मीटरजवळ ४, ७ आणि ९.२ चे कॅलिब्रेशन बफर आहेत का आणि ते कधीचे, ते पाहा. नुसता कलरीमीटर आहे की यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर? सेंट्रिफ्यूजवर धूळ आहे का? मग दुसऱ्या वर्षाच्या दोन-तीन मुलांच्या जर्नल मागून घ्या. तिघांच्याही प्रयोगात शोषणाचं रीडिंग दशांशाच्या तिसऱ्या स्थानापर्यंत एकच असेल, तर तो प्रयोग एकानं केलाय किंवा कुणीच नाही.

शिक्षकांचं विचारायला संकोच नको. बायोकेमिस्ट्री बऱ्याच ठिकाणी विनाअनुदानित तत्त्वावर चालते आणि शिकवणारे तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर असतात. सीएचबीचे सर अनेकदा उत्तम शिकवतात, पण त्यांच्या नेमणुका सेमिस्टर सुरू होऊन महिना-दोन महिने झाल्यावर निघतात आणि तोवर तास रिकामे जातात. किमान एक कायम शिक्षक विभागात हवा. फीची पावती मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याकडून पाहून घ्या: ट्यूशन, परीक्षा, लॅब डिपॉझिट, काचसामानाची तूट, सगळं वेगवेगळं.

चांगली केमिस्ट्री आणि चालू लॅब असलेलं, पण बायोकेमिस्ट्री फक्त मायनरला देणारं कॉलेज, आणि पाटीवर 'बायोकेमिस्ट्री मेजर' असून लॅबला कुलूप असलेलं कॉलेज, यातलं पहिलं घ्या. अपवाद एकच, अन्न सुरक्षा अधिकाऱ्याचं दार.

नीट रिपीट आणि 'सेफ्टीला' घेतलेला प्रवेश

लातूरला रिपीटरची बॅच लावायची आणि बी.एस्सी.ला नाव घालून ठेवायचं, हा सर्रास मार्ग आहे. त्यात अडचण अशी की हजेरी, अंतर्गत गुण आणि प्रॅक्टिकल सगळं बुडतं, पहिल्या वर्षाचे विषय राहतात, आणि नीट पुन्हा हुकली तर दुसरं वर्ष एटीकेटीच्या ओझ्यानं सुरू होतं. मेजर केमिस्ट्रीशी निगडित असल्यानं पाया तिथेच ढासळतो. रिपीटच करायचं असेल तर सरळ गॅप घ्या, गॅपचं प्रतिज्ञापत्र करा आणि पुढच्या वर्षी ताज्या दमानं प्रवेश घ्या. बी.एस्सी.तून मध्येच बाहेर पडायची सोयही नव्या रचनेत आहे: पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा. पण त्यासाठी जादा ४ क्रेडिटचं कौशल्याचं काम लागतं, ३ वर्षांच्या आत परत यावं लागतं आणि पदवी एकूण ७ वर्षांत संपवावी लागते.

खिडकीवरचे कागद

बी.एस्सी.चा प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो, एमएचटी-सीईटी लागत नाही. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, टीसी, आधार, डोमिसाइल, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि लागू असेल त्यांना नॉन-क्रीमीलेअर. नॉन-क्रीमीलेअरवरची मुदत ३१ मार्चपर्यंतची असते, जुना दाखला घेऊन गेलात की रांगेतून परत. जात वैधतेचं प्रकरण बारावीतच समितीकडे टाका. आज कुणी मागितलं नाही तरी उद्या व्यावसायिक अभ्यासक्रमाला किंवा नोकरीला तेच अडवतं.

महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरला म्हणजे झालं, असं नसतं. तो आधी कॉलेजच्या लॉगिनला पडून राहतो. तिथल्या क्लार्कनं पुढे पाठवला का, हे दर पंधरा दिवसांनी उघडून पाहा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी नूतनीकरण विसरू नका. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यावरच येतात. बँकेत केवायसी झालेली असणं आणि खातं डीबीटीसाठी आधारशी जोडलेलं असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काउंटरवर 'सीडिंग झालंय का' असंच विचारा.

शेवटचा कागद कागद नाहीच. तुमचे क्रेडिट जमा होतात ते अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात आणि त्यासाठी डिजिलॉकरमधून अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक, काढावा लागतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर नाव 'आडनाव-नाव-वडिलांचं नाव' असं आणि आधारवर उलट्या क्रमानं किंवा एखादं अक्षर वेगळं, हा प्रकार घरोघरी आहे. तो जुळला नाही तर क्रेडिट खात्यात दिसत नाहीत आणि हे लक्षात येतं ते तिसऱ्या वर्षाच्या निकालाला. दुरुस्ती आधारमध्ये करा, गुणपत्रिकेत नाही. बोर्डातली दुरुस्ती महिनोन्‌महिने चालते, आधार केंद्रावरची त्या मानानं लवकर होते.